फोनमध्ये साठवलेला वाय-फायचा पासवर्ड कसा काढायचा: आधी काय करायचे आणि काय मुळीच करायचे नाही

घरात नवा टीव्ही येतो, कॅमेरा बसतो, पाहुणे येतात, आणि वाय-फायचा पासवर्ड कुणालाच आठवत नाही. राउटर बसवायला आलेल्या माणसाने तो ठरवला, सगळ्यांच्या फोनमध्ये टाकून दिला आणि तो गेला. खरे तर पासवर्ड घरातच असतो. जो फोन आत्ता वाय-फायवर चालतो आहे, त्याच्या पोटात तो साठवलेला असतो आणि दोन-तीन मिनिटांत बाहेर काढता येतो.

तरीही पुष्कळ लोक तो कायमचा घालवून बसतात. कारण जवळजवळ नेहमी एकच असते: क्रम चुकतो. पासवर्ड हातात येण्याआधीच कुणी नेटवर्क काढून टाकतो, कुणी फोन रीसेट करतो, कुणी टाचणी घेऊन राउटरच्या मागचे बटण दाबतो. म्हणून हा लेख पायरीपायरीने वाचा आणि त्याच क्रमाने करा.

सुरुवातीआधी: या तीन गोष्टींना हात लावू नका

पहिली गोष्ट, नेटवर्कच्या पानावरचे 'फर्गेट' बटण. मराठीत ठेवलेल्या फोनवर ते 'विसरा' अशा अर्थाने दिसते. "जुने काढतो आणि नव्याने जोडतो" म्हणून लोक ते दाबतात. दाबताक्षणी त्या फोनमधला पासवर्ड पुसला जातो आणि परत जोडायला फोन तोच पासवर्ड मागतो. त्याला मागे फिरवायची सोय नाही.

दुसरी गोष्ट, 'रीसेट नेटवर्क सेटिंग्ज'. इंटरनेट हळू चालले की हा उपाय सर्रास सुचवला जातो. त्याने एकाच नव्हे, साठवलेल्या सगळ्या नेटवर्कांचे पासवर्ड जातात. घरचा, माहेरचा, दुकानातला, सगळे.

तिसरी गोष्ट, राउटरवरचे बारीक भोकातले रीसेट बटण. याबद्दल पुढे वेगळे लिहिले आहे, कारण आपल्याकडच्या फायबर जोडण्यांमध्ये या बटणाने होणारे नुकसान पासवर्ड हरवण्यापेक्षा मोठे असते.

टप्पा १: फोन निवडा आणि नेटवर्क ओळखा

१. घरातला असा फोन घ्या, जो आत्ता वाय-फायवर आहे. खात्रीसाठी त्यावरचा मोबाइल डेटा बंद करा आणि एखादे पान उघडून पाहा. पान उघडले तर तो खरोखर वाय-फायवर आहे. वरच्या पट्टीतल्या चिन्हावर विसंबू नका.

२. नेटवर्कचे नाव नीट वाचा. एकाच राउटरची दोन नावे दिसू शकतात: एक साधे आणि एक शेवटी '५जी' लावलेले. इथले ५जी म्हणजे मोबाइलचे फाइव्ह-जी नव्हे, ती वाय-फायच्या लहरींची ५ गिगाहर्ट्झची पट्टी आहे. दोन्हींचा पासवर्ड बहुतेक घरांत एकच असतो, पण नेहमी नाही. ज्या नावाचा पासवर्ड हवा, त्याच नावावर फोन जोडलेला असू द्या.

३. फोनचा लॉक ठाऊक असला पाहिजे. पासवर्ड दाखवण्याआधी फोन पिन, बोटाचा ठसा किंवा चेहरा मागतो. आजोबांच्या फोनवरून काढत असाल तर आजोबांना शेजारी बसवा.

४. फोनची आवृत्ती पाहा. सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन'मध्ये अँड्रॉइड १० किंवा त्यापुढचा आकडा असेल तर काम होईल. आयफोनवर 'जनरल' आणि मग 'अबाउट'मध्ये आयओएस १६ किंवा पुढचे हवे. अँड्रॉइड १० हे २०१९ मध्ये आले, आयओएस १६ हे २०२२ मध्ये. यापेक्षा जुन्या फोनसाठी थेट टप्पा ५ वाचा.

५. कागद आणि पेन जवळ ठेवा.

*तपासा: मुळात तुमच्या नेटवर्कला पासवर्ड आहे का?* रेल्वे स्थानक, विमानतळ, काही हॉटेले इथे मोबाइलवर ओटीपी येतो आणि मग इंटरनेट सुरू होते. तिथे साठवलेला पासवर्ड नसतोच. मोठ्या कार्यालयांत आणि महाविद्यालयांत प्रत्येकाला स्वतंत्र वापरकर्तानाव मिळते. तिथे शेअर करण्याचे बटण दिसणार नाही, आणि ते योग्यच आहे. कारण तो पासवर्ड जागेचा नसतो, तुमच्या खात्याचा असतो.

टप्पा २: अँड्रॉइड फोनवर

१. वरून पट्टी खाली ओढा आणि वाय-फायच्या चौकोनावर बोट दाबून धरा. सेटिंग्जमधले नेमके पान उघडते. नाहीतर सेटिंग्ज, तिथून 'नेटवर्क आणि इंटरनेट', मग 'इंटरनेट' असे जा. सॅमसंगमध्ये 'कनेक्शन्स' आणि मग 'वाय-फाय'.

२. जोडलेल्या नेटवर्कच्या नावाशेजारी दातेरी चाक किंवा गोलातले लहान चिन्ह असते. त्यावर टॅप करा. शाओमीच्या बऱ्याच फोनांवर नावाखालीच 'टॅप टू शेअर पासवर्ड' असे लिहिलेले असते. तिथे थेट नावावर टॅप करा.

३. आता उघडलेल्या पानावर 'शेअर करा' किंवा 'क्यूआर कोड' शोधा. याच पानावर 'फर्गेट'ही असते, बहुधा अगदी शेजारी. बोट ठेवण्याआधी शब्द वाचा.

४. फोन लॉक विचारेल, तो द्या. पडद्यावर काळा-पांढरा क्यूआर कोड येईल.

५. कोडच्या खाली पाहा. पिक्सेल आणि मोटोरोलासारख्या, मूळ अँड्रॉइडच्या जवळ असलेल्या फोनांवर पासवर्ड तिथेच साध्या अक्षरांत लिहिलेला असतो. मिळाला तर टप्पा ३ सोडून थेट टप्पा ६ वर जा. सॅमसंगच्या नव्या फोनांत दातेरी चाकाच्या पानावर पासवर्डच्या रकान्याशेजारी डोळ्याचे चिन्ह दिसले तर त्यावर टॅप करा. लॉक दिल्यावर ठिपक्यांच्या जागी अक्षरे येतात.

वनप्लस, ओप्पो, रिअलमी, विवो यांच्या मेनूंची रचना एकमेकांपासून थोडी वेगळी आहे आणि प्रत्येक मोठ्या अपडेटनंतर ती हलते. म्हणून पायऱ्यांचे शब्द पाठ करण्यापेक्षा एवढेच लक्षात ठेवा: नेटवर्कच्या नावावरून त्याच्या तपशिलाच्या पानावर जायचे आणि तिथे शेअर किंवा क्यूआर शोधायचे. सगळ्या कंपन्यांत वाट हीच आहे.

जुन्या जागेचा पासवर्ड हवा असेल तर

समजा गावच्या घराचा पासवर्ड हवा आहे आणि तुम्ही पुण्यात आहात. इंटरनेटच्या पानावर खाली 'सेव्ह केलेली नेटवर्क' अशी यादी असते. तिथून नाव निवडून 'शेअर'वर गेलात की रेंजमध्ये नसतानाही कोड मिळतो. काही कंपन्यांच्या फोनांत मात्र फक्त जोडलेल्या नेटवर्काचाच कोड दाखवतात. तसे असेल तर गावी गेल्यावरच काढावा लागेल. तोवर त्या यादीतली साफसफाई करू नका.

शेअरचे बटणच दिसत नसेल तर

फोनवर कंपनीचे किंवा शाळेचे व्यवस्थापन असेल तर प्रशासकाने ते बंद केलेले असू शकते. फोनमध्ये 'गेस्ट' किंवा दुसरा वापरकर्ता उघडा असेल तरी काही पर्याय लपतात. मुख्य वापरकर्त्यावर या. दोन्ही नसेल तर घरातला दुसरा फोन घ्या. एकाच फोनशी झगडत बसण्यापेक्षा हे कितीतरी सोपे.

टप्पा ३: क्यूआर कोडमधून अक्षरे काढणे

समोर दुसरा फोन असेल तर अक्षरांची गरजच नाही. त्याच्या कॅमेऱ्याने कोड स्कॅन करा आणि जोडा. पण टीव्ही, प्रिंटर, जुना लॅपटॉप यांना कोड दाखवून चालत नाही, तिथे अक्षरेच टाइप करावी लागतात. इथे लोक अडतात, कारण कोड स्वतःच्याच फोनवर आहे आणि तो फोन स्वतःचा पडदा स्कॅन करू शकत नाही.

१. कोडच्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या. फोन घेऊ देत नसेल तर दुसऱ्या फोनने फोटो काढा.

२. तो फोटो गुगल फोटोजमध्ये उघडा आणि 'लेन्स'वर टॅप करा. बहुतेक वेळा नेटवर्कचे नाव आणि पासवर्ड वेगवेगळे दिसतात. फक्त 'जोडा' एवढाच पर्याय आला तर साध्या मजकुराच्या रूपात कोड वाचणारा स्कॅनर वापरा. शाओमीच्या आणि इतर काही फोनांत तो आधीपासूनच असतो.

३. साधा स्कॅनर एक सलग ओळ दाखवतो, आणि ती ओळ वाचतानाच सगळ्यात जास्त चुका होतात. ओळीच्या सुरुवातीला 'वायफाय' हा शब्द इंग्रजी मोठ्या अक्षरांत असतो. पुढे तुकडे असतात: 'एस' या अक्षरानंतर नेटवर्कचे नाव, 'टी'नंतर सुरक्षेचा प्रकार, 'पी'नंतर पासवर्ड. अक्षर आणि मजकूर यांच्यामध्ये अपूर्णविराम (:) असतो आणि प्रत्येक तुकडा अर्धविरामाने (;) संपतो. तुकड्यांचा क्रम फोनगणिक बदलतो, म्हणून 'पी' कुठे आहे ते शोधा.

४. 'पी'नंतरच्या अपूर्णविरामापासून पुढच्या अर्धविरामापर्यंत जे आहे, तेवढाच पासवर्ड. शेवटचा अर्धविराम पासवर्डाचा भाग नाही. टीव्हीवर "पासवर्ड चुकीचा आहे" असे वारंवार येत असेल तर आधी हेच पाहा.

५. मधे उलटी तिरकी रेघ (\) दिसली तर थांबा. पासवर्डात अर्धविराम, स्वल्पविराम, अपूर्णविराम किंवा अवतरणचिन्ह असेल तर कोड बनवताना त्याच्या आधी ही रेघ घातली जाते. ती रेघ गाळायची आणि तिच्या पुढचे चिन्ह ठेवायचे. दोन रेघा लागोपाठ असतील तर त्यातली एक खरी.

*तपासा:* आजच्या घरगुती वाय-फायचा पासवर्ड कमीत कमी ८ आणि जास्तीत जास्त ६३ अक्षरांचा असतो. तुम्ही वाचलेले ७ किंवा त्याहून कमी भरत असेल तर काहीतरी सुटले आहे.

*सावधान:* कोडचा फोटो "क्यूआर वाचून देणाऱ्या" अनोळखी वेबसाइटवर टाकू नका. त्या एका चित्रात नाव आणि पासवर्ड दोन्ही आहेत. काम झाले की स्क्रीनशॉट गॅलरीतून पुसा आणि 'ट्रॅश'मधूनही काढा. नाहीतर तो बॅकअपमध्ये जाऊन बसतो, आणि कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकलेला असेल तर तो कुठवर जाईल याला सीमा नाही.

टप्पा ४: आयफोनवर

इथे गोंधळ कमी आहे.

१. सेटिंग्ज उघडा, 'वाय-फाय'वर जा.

२. जोडलेल्या नेटवर्कच्या उजवीकडे गोलातले 'आय' चिन्ह आहे, त्यावर टॅप करा. या पानावर सगळ्यात वर 'फर्गेट धिस नेटवर्क' आहे. त्याला ओलांडून खाली या.

३. 'पासवर्ड' या ओळीतल्या ठिपक्यांवर टॅप करा. चेहरा, ठसा किंवा पासकोड दिल्यावर अक्षरे दिसतात आणि 'कॉपी' हा पर्याय येतो.

जुन्या जागेच्या नेटवर्कसाठी वाय-फायच्या पानावर वरच्या कोपऱ्यातले 'एडिट' दाबा. आतापर्यंत जोडलेल्या नेटवर्कांची यादी येते. तिथेही तेच 'आय' चिन्ह. या यादीत प्रत्येक नावापुढे काढून टाकायचे लाल चिन्हही असते, त्याला स्पर्श करू नका.

आयओएस १८ पासून, म्हणजे २०२४ पासून, 'पासवर्ड्स' नावाचे वेगळे ॲप फोनमध्येच आले आहे. त्यात वाय-फायचा स्वतंत्र विभाग आहे आणि तिथून नेटवर्कचा क्यूआर कोडही दाखवता येतो. घरात एकाकडे आयफोन आणि बाकीच्यांकडे अँड्रॉइड असेल तर ही सर्वांत सोयीची वाट, कारण तो कोड अँड्रॉइडही स्कॅन करतो.

समोरचाही आयफोन असेल तर पासवर्ड पाहायचीही गरज नाही. दोन्ही फोनांचे वाय-फाय आणि ब्लूटूथ सुरू हवे, दोघांचे ॲपल खात्याचे ईमेल किंवा नंबर एकमेकांच्या संपर्कांत हवेत आणि पर्सनल हॉटस्पॉट बंद हवा. पाहुण्याने नेटवर्क निवडले की तुमच्या फोनवर 'शेअर पासवर्ड' असा प्रश्न येतो. येत नसेल तर दहापैकी नऊ वेळा संपर्कातला ईमेल नसतो, तेवढाच भरा.

टप्पा ५: फोन जुना असेल किंवा फोनमधून मिळत नसेल तर

अँड्रॉइड ९ आणि त्याआधीच्या फोनांत पासवर्ड साठवलेला असतो, पण तो प्रणालीच्या बंदिस्त भागात. फोन रूट केल्याशिवाय, म्हणजे कंपनीने घातलेले कुलूप तोडून प्रणालीचा पूर्ण ताबा घेतल्याशिवाय, तो वाचता येत नाही, आणि एका पासवर्डासाठी फोन रूट करणे मी कुणालाही सुचवणार नाही. बँकेची ॲप बंद पडू शकतात, आणि चूक झाली तर सगळा डेटा जातो.

*सावधान:* "साठवलेले सगळे पासवर्ड एका टॅपमध्ये" असे सांगणाऱ्या ॲपच्या नादी लागू नका. वर सांगितलेला बंदिस्त भाग साध्या ॲपला वाचता येतच नाही, मग ते दाखवणार कुठून? काही नुसत्या जाहिराती दाखवतात, काही राउटर कंपन्यांच्या ठरावीक पासवर्डांची यादी पुढे करतात, आणि काही तर तुमच्याच नेटवर्कचा पासवर्ड उचलून सर्वांसाठी खुल्या यादीत भरतात.

त्याऐवजी या क्रमाने पाहा.

१. *लॅपटॉप.* विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, 'नेटवर्क अँड इंटरनेट', 'वाय-फाय', मग 'मॅनेज नोन नेटवर्क्स' असे जाऊन नाव निवडा. तिथे सिक्युरिटी की पाहण्याचा पर्याय मिळतो. विंडोज १० मध्ये कंट्रोल पॅनलमधून 'नेटवर्क अँड शेअरिंग सेंटर'ला जा, जोडणीच्या नावावर टॅप करा, 'वायरलेस प्रॉपर्टीज', मग 'सिक्युरिटी', आणि 'शो कॅरेक्टर्स'वर खूण करा. मॅकवर सिस्टिम सेटिंग्जमधल्या वाय-फायच्या यादीत नावाशेजारच्या तीन टिंबांत 'कॉपी पासवर्ड' असते. कार्यालयाच्या लॅपटॉपवर यातले काही बंद असू शकते.

२. *राउटरखालची पट्टी.* राउटर उलटा करा. नेटवर्कचे नाव आणि पासवर्ड छापलेला असतो. बसवणाऱ्याने तो बदलला नसेल तर हाच चालतो. छापील नाव आणि तुमच्या फोनवर दिसणारे नाव वेगळे असेल, तर पासवर्डही बदललेला असण्याची शक्यता जास्त.

पट्टीवर बहुधा दोन पासवर्ड असतात आणि लोक हमखास चुकीचा घेतात. एक वाय-फायचा, दुसरा राउटरच्या आतल्या, म्हणजे सेटिंग्जच्या, पानाचा. 'ॲडमिन' किंवा 'लॉगिन' या शब्दांजवळ छापलेला पासवर्ड टीव्हीवर टाकून काही होणार नाही.

३. *बसवणाऱ्याची सवय.* आपल्याकडे तंत्रज्ञ अनेकदा ग्राहकाचा दहा आकडी मोबाइल नंबरच पासवर्ड म्हणून टाकतो, किंवा नावापुढे @१२३. जोडणी ज्याच्या नावावर आहे त्याचा नंबर एकदा टाकून पाहायला हरकत नाही. चालला, तर आनंद मानू नका; तो पासवर्ड शेजाऱ्यालाही सुचेल. टप्पा ८ पाहा.

४. *राउटरचे आतले पान.* जोडलेल्या फोनच्या किंवा लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाका. तो बऱ्याच ठिकाणी १९२.१६८.१.१ असतो, जिओफायबरच्या राउटरांवर १९२.१६८.२९.१. आकडे अर्थातच इंग्रजी टाइप करायचे. खात्री नसेल तर नेटवर्कच्या तपशिलाच्या पानावर 'गेटवे' किंवा 'राउटर' या नावापुढे पत्ता दिलेला असतो. ॲडमिन पासवर्ड देऊन आत गेल्यावर वायरलेसच्या भागात पासवर्ड दिसतो किंवा नवा देता येतो.

५. *कंपनीचे ॲप किंवा केबलवाला.* काही इंटरनेट कंपन्यांच्या ॲपमधून वाय-फायचे नाव आणि पासवर्ड बदलता येतो. स्थानिक केबलवाल्याची जोडणी असेल तर त्याला फोन करा. बऱ्याच वेळा तो बसल्या जागेवरून बदलून देतो.

राउटरचे रीसेट बटण: शेवटचा उपाय, तोही विचारून

रीसेटने वाय-फायचा पासवर्ड पट्टीवरच्या छापील पासवर्डावर येतो, हे खरे. पण त्याबरोबर बसवणाऱ्याने भरलेली बाकीची माहितीही पुसली जाते. अनेक जोडण्यांत राउटर कंपनीकडे स्वतःची ओळख एका वापरकर्तानावाने आणि पासवर्डाने पटवतो, आणि ते दोन्ही राउटरच्या आत भरलेले असतात. ते गेले की वाय-फाय दिसते, फोन जोडलाही जातो, पण इंटरनेट येत नाही. मग तंत्रज्ञ येईपर्यंत सारे घर बंद. शनिवारी संध्याकाळी हे केले तर सोमवारपर्यंत थांबावे लागू शकते.

म्हणून आधी कंपनीला विचारा: "रीसेट केल्यावर राउटर आपोआप सुरू होईल की माहिती परत भरावी लागेल?" भरावी लागणार असेल तर ती आधी लिहून घ्या. आणि लक्षात असू द्या, वीज बंद करून चालू करणे म्हणजे रीसेट नव्हे. त्याने काहीही पुसले जात नाही, ते खुशाल करा.

टप्पा ६: लिहून घेणे

पासवर्ड दिसला की काम संपले असे वाटते आणि इथेच तो पुन्हा बिघडतो.

१. पासवर्ड इंग्रजी अक्षरांत, मोठे-छोटे जसे आहे तसे लिहा. मोठा 'ए' आणि छोटा 'ए' ही वेगळी अक्षरे आहेत.

२. शून्य आणि मोठा 'ओ'. एक, छोटा 'एल' आणि मोठा 'आय' हे दिसायला सारखे आहेत. शून्याला मधून तिरकी रेघ द्या आणि शंका असलेल्या अक्षराखाली काय आहे ते मराठीत लिहा.

३. आकडे इंग्रजीच लिहा. आपल्या हाताची सवय मराठी आकड्यांची असते, आणि देवनागरी १ हा इंग्रजी नऊसारखा, ४ हा इंग्रजी आठसारखा वाचला जातो. लिहिणारा एक आणि टाइप करणारा दुसरा असला की ही चूक ठरलेली. पासवर्डात आकडे असतील तर शेजारी शब्दात लिहा: नऊ, आठ, एक.

४. फोनवरून कुणाला सांगायचा असेल तर नुसते 'बी', 'डी', 'पी', 'टी' म्हणू नका. 'पी' पुण्याचा, 'एन' नाशिकचा, 'एम' मुंबईचा असे सांगा, आणि प्रत्येक अक्षराला "मोठा" किंवा "छोटा" जोडा. समोरच्याकडून पूर्ण पासवर्ड परत म्हणवून घ्या.

कागद राउटरच्या डब्यात किंवा जोडणीच्या पावतीबरोबर ठेवा. राउटरवर बाहेरून चिकटवू नका, विशेषतः दुकानात आणि दवाखान्यात, जिथे कुणीही येऊन फोटो काढू शकतो.

टप्पा ७: दुसऱ्या उपकरणावर पडताळा

लिहिलेला पासवर्ड बरोबर आहे हे नव्या उपकरणावर टाकूनच कळते. त्यासाठी आपल्याच फोनवर 'फर्गेट' करून पाहण्याचा मोह आवरा. तो फोन पासवर्डाची एकमेव प्रत असू शकतो.

१. टाइप करताना पासवर्ड दिसेल असे डोळ्याचे चिन्ह चालू करा.

२. कीबोर्ड इंग्रजीवर आहे का पाहा. मराठी कीबोर्डवरून आलेला ५ आणि इंग्रजी पाच फोनच्या दृष्टीने वेगवेगळे आहेत.

३. पहिले अक्षर आपोआप मोठे झाले नाही ना, आणि कॉपी-पेस्ट करताना शेवटी एखादी मोकळी जागा आली नाही ना, हे पाहा. दिसत नसलेली ती जागाही पासवर्डात मोजली जाते.

पासवर्ड अक्षर न् अक्षर बरोबर असूनही जोडले जात नसेल, तर दोष बहुधा पासवर्डात नसतो. स्वस्त कॅमेरे, स्मार्ट प्लग आणि बरेच प्रिंटर फक्त २.४ गिगाहर्ट्झवर, म्हणजे साध्या नावाच्या पट्टीवर, चालतात. त्यांना '५जी'वाले नाव दिसतच नाही किंवा जोडता येत नाही. साधे नाव निवडा. राउटरवर फक्त डब्ल्यूपीए३ ही नवी सुरक्षा लावली असेल तर जुनी उपकरणे जोडली जात नाहीत. राउटरच्या पानावर डब्ल्यूपीए२ आणि डब्ल्यूपीए३ अशी मिश्र सुरक्षा निवडा.

*सावधान:* हे सगळे स्वतःच्या किंवा परवानगी दिलेल्या नेटवर्कसाठी. कुणाचा फोन क्षणभर हातात आला म्हणून त्यातून कोड काढणे हा परवानगीविना प्रवेश आहे आणि माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० मध्ये त्याला जबाबदारी आहे. उलट बाजूही तितकीच खरी: तुमच्या जोडणीवरून कुणी गैरकृत्य केले तर चौकशी आधी जोडणी ज्याच्या नावावर आहे त्याच्या दारात येते. पाहुण्यांसाठी राउटरवर 'गेस्ट' नेटवर्कची सोय असेल तर ती सुरू करा आणि त्यांना मुख्य नेटवर्कचा नव्हे, त्या 'गेस्ट' नेटवर्कचा पासवर्ड द्या.

टप्पा ८: फोन, पासवर्ड किंवा राउटर बदलताना

*फोन बदलताना:* जुना फोन एक्स्चेंजला देण्याआधी, म्हणजे फॅक्टरी रीसेटच्या आधी, यादीतल्या गरजेच्या नेटवर्कांचे पासवर्ड वरच्या पद्धतीने काढून घ्या. अँड्रॉइडचा गुगल बॅकअप चालू असेल तर नव्या फोनमध्ये ते आपोआप येतात. आयफोनवर आयक्लाउड कीचेन, म्हणजे पासवर्ड साठवून आपल्या सगळ्या ॲपल उपकरणांवर पोहोचवणारी सोय, चालू असेल तर तुमच्या आयपॅडवर आणि मॅकवरही ते आधीच पोहोचलेले असतात. तरी फोन पुसण्याआधी नवा फोन घरच्या वाय-फायवर चालतो हे डोळ्यांनी पाहा.

*पासवर्ड बदलताना:* मोबाइल नंबर किंवा @१२३ असेल तर बदलाच. आधी नवा पासवर्ड कागदावर लिहा, मग राउटरच्या पानावर टाका. 'सेव्ह' केल्याक्षणी तुमच्यासकट सगळ्यांची जोडणी तुटते. त्यावेळी नवा पासवर्ड फक्त डोक्यात असेल तर टाइप करताना झालेली चूक शोधायला जागाच उरत नाही. ॲडमिन पासवर्डही त्याच बैठकीत बदला आणि तो वेगळ्या ओळीत, वेगळ्या नावाने लिहा.

*राउटर बदलताना:* नवा राउटर बसवायला आलेल्या माणसाला जुन्या नेटवर्कचे नाव आणि पासवर्ड तंतोतंत तेच ठेवायला सांगा, मोठ्या-छोट्या अक्षरांसकट, आणि सुरक्षेचा प्रकारही तोच. मग टीव्ही, कॅमेरे, प्रिंटर, सगळ्यांचे फोन कुणालाही काही न विचारता जोडले जातात. जुना पासवर्ड कमकुवत असेल तर मात्र याच वेळी नवा द्या, कारण माणूस समोर असताना एकेक उपकरण जोडून घेता येते.